हिरव्या रकान्यातलं कारलं

“लाल रकान्यातलं काहीही मुलीला द्यायचं नाही हं ताई,” लॅबवाल्या बाईंनी बजावलं होतं. सात वर्षांच्या मैथिलीचं पोट वरचेवर दुखायचं, म्हणून कोणतं अन्न सोसत नाही ते शोधायला रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या होत्या; ज्या पदार्थांच्या अँटीबॉडी सापडल्या ते रिपोर्टात लाल रकान्यात, बाकीचे हिरव्या.

मला नेम सांगितला की मी पाळते. का, ते विचारायचं राहूनच जातं. दूध, गहू, केळी बंद केली. कारलं हिरव्या रकान्यात होतं, म्हणून चार महिने रोज कारलं! लेक रडायची, मी श्रद्धेनं भरवायची. तिचं वजन तीन किलोंनी उतरलं, तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे धावले.

“आधी कारलं खायची का ही?” रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं.

“छे! शिवायचीसुद्धा नाही.”

“म्हणून हिरवं. आपण जे खातो, त्याच्या अँटीबॉडी रक्तात सापडतातच. तो आजार नाही. सगळं सुरू करा, पोटदुखीचं मी बघतो.”

रोज देवापाशी सद्बुद्धी मागणारी मी, ती वापरायला मात्र विसरले होते. मैथिलीनं पदर ओढला. “आई, मग आज शिकरण-पोळी? नक्की?”

“नक्की.”

घरी पोचलो तेव्हा माझ्या जपाची वेळ झाली होती. “देवा, आज जरा थांब,” असं पुटपुटून मी केळी सोलायला घेतली.