गियरचा आवाज

माझ्या लेथ मशीनचा गियर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तो पुन्हा तुटला होता. नवा कुठंच मिळत नाही, कंपनीच मेली. रिसोडच्या बाजारात फुकटचे सल्ले मात्र ढीगभर मिळतात.

बिडाला तापवून जोड मारायचा आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यायचं. घाई केली की तडकतं. मग हातोडीनं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर जुळलं, भद्द वाजलं तर आत चीर आहे.

सकाळीच मुबश्शिर भंगारवाला टेम्पो घेऊन दारात आला.

"मिस्त्री, कायले जीव जाळून राह्यले? बापाची मशीन हाय म्हनून तिची पूजा करता काय?"

"थांब. आधी आवाज ऐकू दे."

भद्द वाजलं तर लेथ घेऊन जा, असं मीच त्याला बोलून बसलो होतो. तो टेम्पोचा मागचा फाळका पाडायला गेला.

काल रात्री जोड मारून गियर पुरला होता, ती राख मी उकरली. गियर गार झाला होता. वाजवला. भद्द. उलटा करून वाजवला. तरी भद्द.

मी तिथंच राखेत बसलो आणि वैतागून हातोडी स्वतःच्या गुडघ्यावर आपटली.

खण्ण.

आवाज कितीतरी वेळ शेडच्या पत्र्यांत घुमत राहिला. गुडघा दुखलासुद्धा नाही.

टेम्पोमागून मुबश्शिर हसत ओरडला, "जुळला की वो मिस्त्री! अजून एक डाव वाजवा. जरा जोरात!"