दाराबाहेरचा डबा

मार्लिसने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. 

दाराबाहेर जमिनीवर एक गोल डबा असायचा. विजेवर चालायचा आणि वाऱ्यासारखी एकसारखी घरघर करायचा, आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या गावात तर रस्त्यात उभ्या ट्रकांनाही असतात. त्यामुळे मार्लिसकडे, मनाच्या डॉक्टरकडे, येणारा प्रत्येक जण आधी त्या डब्याकडे बघायचा आणि मगच आत जाऊन तोंड उघडायचा. आज डबा गप्प होता. त्याची वायर भिंतीतून काढून बाजूला ठेवली होती आणि तिच्या जागी इर्माच्या फोनचा चार्जर होता.

इर्मा खुर्चीत ताठ बसली होती. अंगात कोट, पायाशी परतीच्या वाटेसाठी आणलेला कॉफीचा हिरवा थर्मास. नवऱ्याला, ऑर्विलला, मोतीबिंदू झाल्यापासून तीच गाडी चालवत त्याला इथे आणायची आणि तो आत बोलत असताना बाहेर विणत बसायची. आज विणकाम खाली पडलं होतं.

"फोन बंद पडायला आला होता," ती म्हणाली. "रस्ता हा असा बर्फाचा. म्हटलं, वाटेत अडकलो तर..."

मार्लिसने आपल्यामागे दार ओढून घेतलं. ऑर्विल आत डोळे पुसत होता. त्याला जरा सावरू द्यावं म्हणून तर ती बाहेर आली होती. जन्मभर तळ्यावर वाऱ्यात हाका मारून त्याचा आवाज खणखणीत झालेला. आणि आज तो असं काही बोलला होता, की घरघर कधी थांबली हे तिलाही कळलं नव्हतं.

"इर्मा, तुम्हाला..." पुढे विचारायचीही सोय नव्हती. पेशंट आत काय बोलला त्यातला एक शब्दही बायकोपुढे काढायचा नाही.

"थर्मास," इर्मा म्हणाली.

मार्लिसने तिच्या पायाशी ठेवलेल्या थर्मासकडे बघितलं.

"आमचा केनी न सांगता स्नोमोबाइल, ती बर्फावरची गाडी, घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ फुटून बुडाला, असं सांगितलं होतं यानं मला. इतकी वर्षं मी पोरालाच बोल लावतेय. ऐकायचा नाही कुणाचं, म्हणून गेला, म्हणते. आणि यानं पाठवलं होतं त्याला? बर्फावरच्या मासेमारीच्या झोपडीत थर्मास राहिला, तो आणायला? बर्फ न तपासता?" तिचा आवाज जराही चढला नाही. "थर्मासमधून हा कधी कॉफी पीत नाही, डॉक्टरबाई. मला वाटायचं, माझी कॉफी याला आवडत नाही."

धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मार्लिसला झालं. एवढं बोलायला ऑर्विलला सगळा हिवाळा लागला होता. तिच्या भरवशावर बोलला होता तो.

"मी ऐकलं हे त्याला सांगू नका," इर्मा म्हणाली.

"सांगावं लागेल मला. त्यांचं बोलणं बाहेर गेलंय. चूक माझी आहे, पण ती कळायचा हक्क त्यांचा आहे."

"आणि मग आम्ही दोघांनी एका गाडीतून घरी जायचं? सगळ्या गावाची गुपितं पोटात ठेवता, त्यात माझं एवढंसं मावत नाही?"

"तुम्ही माझ्या पेशंट नाही, इर्मा."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. इर्मा थोबाडीत बसल्यासारखी बघत राहिली. मग खाली वाकली, चार्जर काढला आणि डब्याची वायर स्वतःच्या हाताने भिंतीत खुपसली. घरघर सुरू झाली.

"जा," ती म्हणाली. "पाळा तुमचा धर्म."

आत ऑर्विल टोपी घालून निघायच्या तयारीत उभा होता.

"आज हलकं वाटतंय, बाई," तो म्हणाला. "आता एकच राहिलं. इर्माला सांगायचं. ती पोरासाठी कधी रडली नाही, ठाऊक आहे? पुरलं तेव्हासुद्धा नाही. माझ्यावर यायचा तो राग त्याच्या वाट्याला गेला. या रविवारी सांगेन म्हणतो. माझ्याच तोंडून कळायला हवं तिला."

मार्लिसने त्याची खुर्ची पुढे ओढली.

"ऑर्विल, बसा जरा. बाहेरचा डबा..."

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. आधी घरघरीत मिसळलेला, मग तिच्याही वर चढलेला. वासराला तोडल्यावर गाय हंबरते तसा. ऑर्विलने मान वर केली.

"बंद होता," मार्लिस कशीबशी म्हणाली. "त्यांनी ऐकलं सगळं. माझी चूक आहे. माझ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची ते मी सांगते तुम्हाला, मी स्वतः..."

ऑर्विलने हात वर करून तिला थांबवलं. टोपी काढली. दाराला कान लावून तो उभा राहिला, आणि ते रडणं काही थांबेना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तो डबा बंद करा ना जरा. मला नीट ऐकू द्या."