तापाचं मूळ

"नखं दाखव!" मोठ्या बाईंचा आवाज फाटकापर्यंत गेला.

म्हाताऱ्या सुइणीने हात पुढे केले. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटं ब्रशाने घासून सोललेली. बाईंनी हात उलटसुलट करून पाहिले आणि झिडकारले. खोट सापडली नाही, तसा राग आणखीच चढला.

सकाळी एक पहिलटकरीण गेली होती. बाळंत होऊन हसतखेळत उठून बसलेली, मग एकाएकी हुडहुडी भरली आणि बाळंतरोगाच्या तापाने तिला नेलं. अशी ती पहिली नव्हती. तिचा नवरा तान्ह्याला घेऊन पायरीवर बसला होता. दूध कुणाकडे मागावं, तेही त्याला सुचत नव्हतं.

लढाई संपल्यावर नगरपालिकेने एक पडकी वखार दिली होती. बाईंनी पदर खोचून, फरशा घासून तिचं प्रसूतिगृह केलं. सुइणींना घराघरांतून ओढून आणून शिकवलं. बाळंतिणीवर ओणवं होऊन बाई स्वतः "जोर लाव, पोरी! लाव जोर!" असं ओरडत, तेव्हा मूल घाबरूनच बाहेर येतं, असं सुइणी म्हणायच्या. आता आणखी एक बाई दगावली, तर दाराला कुलूप लागणार होतं.

"गेलेल्या प्रत्येकीच्या उशाशी तू होतीस," बाई म्हणाल्या.

"होते, बाई."

"आणि कमरेला ती तपकिरीची डबी!"

"ती तुम्ही पहिल्याच दिवशी विहिरीत टाकलीत. तेव्हापासून विहीर शिंकतेय म्हणतात."

मागे उभ्या सुइणींपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई गर्रकन वळल्या. "काढा दात! तिकडे लेकरू पोरकं झालंय!" मग म्हातारीकडे बोट रोखलं. "तू एप्रन उतरव. आत पाऊल टाकायचं नाही."

म्हातारीने एप्रन उतरवला, घडी घातली आणि जाऊन त्या नवऱ्याशेजारी पायरीवर बसली. बाळ मात्र तिने मांडीवर घेतलं.

नगरपालिकेचे तरुण डॉक्टर त्या आठवड्यात दोनदा आले. पहिल्यांदा म्हणाले, "हात स्वच्छ असून भागत नाही, बाई. हा जंतू धडधाकट माणसाच्या घशातही सुखाने राहतो. त्याला स्वतःला काही होत नाही. बोलताना उडतो नि ओल्या बाळंतिणीला गाठतो."

काडीला कापूस गुंडाळून त्यांनी सगळ्यांचे घसे पुसून घेतले. तरुण सुइणी बिचकल्या, म्हणून सर्वांत आधी बाईंनीच आ केला. म्हातारीलाही पायरीवरून बोलावून घेतलं. "हिचा नीट खरवडा," बाईंनी बजावलं.

दुसऱ्यांदा डॉक्टर आले ते दारातच थांबले.

"सापडला?" बाई तरातरा पुढे गेल्या.

"सापडला. एकाच घशात."

"ती म्हातारीच ना?"

"नाही. तिचा घसा निर्मळ आहे."

"मग त्या खिदळणाऱ्या भवान्यांपैकी कोण? नाव सांगा!" बाईंचा आवाज सगळ्या खाटांवरून घुमला. "माझ्या हातावरच्या पोरी खाल्ल्या तिने! झिंज्या धरून बाहेर काढते, पुन्हा या रस्त्याला फिरकू देणार नाही! बोला ना!"

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. खिशातून धुतलेला रुमाल काढून त्यांनी हात लांब करून पुढे धरला.

"आधी हा तोंडाला लावा, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आत बाळंतिणी आहेत."