लाल बूट, बायकांच्या मापाचे

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून फोन बायकोने उचलून स्पीकरवर टाकला. "काका, बँकेतून बोलतेय. तुमचं क्रेडिट कार्ड गोठवलंय. चौदा वर्षं त्यावर फक्त दोरे आणि बटणं घेतलीत. आज स्केटिंगचे बूट? लाल, बायकांच्या मापाचे? कार्ड चोरीला गेलं का?" हो म्हणावं तर बूट रद्द, नाही म्हणावं तर कोणासाठी, ते सांगणं आलं. शिंप्याने टाचण्यांवर ओठ आवळले. बायकोने कंबरेवर हात ठेवले. "अहो, कोण ही चाकांवरची भवानी?" त्याने गळ्यातली टेप काढली, खाली वाकून तिच्याच पावलाला लावली. नवी नवरी असताना तिने स्केटिंगचा हट्ट धरला होता. परवा तिला साठावं वर्ष लागणार होतं. ती फोनकडे वळली. "पोरी, चोर घरचाच, कार्ड सुरू कर. उद्या गुडघ्याच्या पट्ट्या घेतल्या, तर पुन्हा गोठवू नकोस."