निकेलवरचा अंगठा

टेंभुर्णीहून आलेल्या तौसिफनं आमच्याकडनंच निकेलचा मुलामा देऊन नेलेलं ग्रामोफोनचं हँडल माझ्यापुढं ठेवलं. “काका, निकेलवर अंगठा उमटलाय की. काकींचाच असणार!” धुतलेल्या लोखंडाला बोट लागलं, तर तिथं निकेल धरत नाही. माझी बायको अनसूया दरवेळी विसरायची, मी ओरडायचो. हे तिचं शेवटचं काम. ती गेल्याचं तौसिफला माहीत नव्हतं. “हे माझ्याकडं राहू दे, दुसरं देतो,” मी म्हणालो. “नको, काका. अब्बा गेले, त्यांच्या हाताचं एवढंच राहिलंय.” मी हँडल उचललं. निकेल उतरवायला हँडल तारेला बांधून ॲसिडमध्ये सोडलं. बुडबुड्यांत अंगठा कधी गेला ते दिसलं नाही. बाहेर आलं ते नुसतं काळपट लोखंड. मी ते धुऊन, फडक्यात धरून निकेलच्या टाकीत टांगलं. “आता काकींना बोट लावू देऊ नका,” तौसिफ हसला. “नाही लावणार ती,” मी म्हणालो.