लाजू नका, विचारा

"टेबल बाई कशी काय, मॅडम?"

शर्मिष्ठाच्या ऑनलाइन फ्रेंच क्लासचा रविवारचा फुकट शंकांचा तास बहुतेक याच प्रश्नाने सुरू व्हायचा. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. तरी ती लॅपटॉपकडे बघून गोड हसली. छान प्रश्न, म्हणाली. मराठीत खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' कुणी ठरवलं? फ्रेंचचंही तसंच. मग भांडुपच्या श्वेताने विचारलं, शेवटची अक्षरं बोलायचीच नाहीत तर लिहायची कशाला. आणखी एकाला 'त्यू' कुणाला म्हणायचं नि 'वू' कुणाला, हे पुन्हा हवं होतं. गेल्या रविवारीही त्याने तेच विचारलं होतं. तिने तितक्याच मायेने परत सांगितलं, की परक्यांना, मोठ्यांना वू, आणि घरच्यांना त्यू.

"लाजू नका. तेच तेच विचारा, मी कंटाळत नाही."

साफ खोटं. कंटाळा तिच्या हाडात मुरला होता, फक्त तो काढायची जागा वेगळी होती. काल तिची आई, लताबाई, मोबाइल घेऊन तिच्यापाशी आली होती. तिकडे कणकवलीला द्रौपदीमावशी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. वाचा गेलेली, त्यामुळे साध्या फोनचा काही उपयोग नव्हता. आईला बहिणीला निदान डोळ्यांनी बघायचं होतं. व्हिडिओ कॉल कसा लावायचा, एवढंच तिने विचारलं, तर शर्मिष्ठा वसकन अंगावर आली. कितीदा सांगायचं, डोकं खाऊ नकोस, संध्याकाळी लावून देते. संध्याकाळी नाहूरची नवी बॅच होती. राहून गेलं.

स्क्रीनवर आणखी एक चौकोन उघडला. त्यात अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. पंखा शर्मिष्ठाच्याच घरातल्या हॉलमधला होता. तासाची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर तिनेच टाकली होती.

"मॅडम," आई म्हणाली. आवाज आधी भिंतीपलीकडून आला, मग लॅपटॉपमधून. "बहिणीला व्हिडिओवर बघायचंय. कुठं दाबायचं? मागे सांगितलं होतंत, माझ्या लक्षात राहत नाही. इथं परत विचारलेलं चालतं, म्हणून आले."



"छान प्रश्न," शर्मिष्ठा सवयीने म्हणाली.

ती उठली. तिच्या चौकोनात नुसती खुर्ची राहिली. श्वेताला वाटलं, नेट गेलं. तेवढ्यात पंख्याखालच्या त्या अर्ध्या कपाळाशेजारी दुसरं एक कपाळ येऊन टेकलं.

"आधी मावशीचं नाव शोध. सावकाश, आई. मी थांबते."