पाणी उतरताना

"वृंदाताई, आता कितीही क्लोरीन टाकलं तरी उपयोग नाही. पाणी जुनं झालंय, सगळंच बदलावं लागेल," स्विमिंग पूल साफ करायला येणारा अन्वर म्हणाला.

बंगल्यामागचा हा पूल वृंदाने वडिलांसाठीच बांधून घेतला होता. अर्धांगवायूनंतर बापूंना जमिनीवर उभं राहता येत नसे. छातीएवढ्या पाण्यात मात्र ते चालत. पण आता त्याच पाण्याने त्यांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. बोअरवेल आटली होती आणि टँकरचं पाणी गावाला प्यायलाही पुरत नव्हतं.

"पाऊस झाला की परत भरू, बापू."

"तोवर मी असेन-नसेन. सोड पाणी, पण मला आत राहू दे."

अन्वरने पंप लावला. बापू काठाची दांडी धरून चालत राहिले. पाणी कमरेखाली गेलं तसे त्यांचे पाय लटपटू लागले. वृंदा साडीनिशी आत उतरली आणि तिने त्यांना मागून घट्ट धरलं. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा त्यांचा सगळा भार तिच्यावर होता.

"अजून उभा आहे ना गं मी?"

"हो, बापू," म्हणत ती त्यांना घेऊन हळूहळू खाली बसली.